वहिनीची बिचारी

माझ्या दादाचे हात पाहिले की लोकांना वाटतं, हा माणूस चुन्याच्या भट्टीवर कामाला असेल. पेरांमध्ये कायम पांढरं प्लास्टर, नखांत गुलाबी मेण. तो दात बनवतो. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, अर्धे जबडे, डॉक्टर जे साचे पाठवतील त्यांतून निघेल ते. दातांच्या एका लॅबमध्ये तो अडतीस वर्षं त्याच खिडकीखाली, त्याच स्टुलावर बसतोय. नात्यात सगळे त्याला कवळीवाला म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. राग यायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. म्हणून तर तो मला लहानपणापासून ठिणगी म्हणतो. रक्त तपासायच्या लॅबमधून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मी त्याची ठिणगीच.

त्याच्या घरात शिरलं की उजव्या हाताला पाच फुटी काचेची टाकी आहे. पाणी खारं, समुद्राचं असावं तसं. लोक येतात, वाकून बघतात आणि विचारतात, "मासे कुठायत?" मासे दोनच, आणि तेही उपऱ्यासारखे कोपऱ्यात. टाकी आहे ती प्रवाळांची. प्रवाळ म्हटलं की आपल्याला दागिन्यातलं लाल पोवळं आठवतं. ते मेलेलं. जिवंत प्रवाळ म्हणजे खाली दगडाचं घर बांधून वर मऊ अंगाने डुलणारा जीव. दिसायला फूल, स्वभावाने एक नंबरचा भांडखोर. शेजारी कुणी आलं की डंख मारून त्याचं मांस जाळायचं आणि त्याच्या जागेवर आपण पसरायचं, हा यांचा संसार. सौम्य जातीही मिळतात बाजारात, पण दादाला नेमके असलेच आवडायचे. आयुष्यभर कुणाशी वर मान करून बोलला नाही, आणि घरात हे पाळले!

त्यातली मशाल त्याची सर्वांत लाडकी. वीस वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा आणला होता. तो वाढत वाढत चौदा तोंडांचा झाला. प्रत्येक तोंडातून हिरवी लांब बोटं आणि बोटांच्या टोकाला सोनेरी ठिपका. लॅबमधली दात कापायची बारीक चकती घरी आणून दादा प्रवाळ कापायचा, कवळीच्या गुलाबी मसाल्याच्या चकत्यांवर ते चिकटवायचा. त्यामुळे टाकीत वाकून पाहिलं की दगडांमधून कुणाच्या तरी हिरड्या डोकावताहेत असं वाटायचं. वहिनी पाहुण्यांना सांगायची, "घाबरू नका, चावत नाहीत. म्हणजे तुम्हाला नाही चावत."

वहिनी तशीच होती. शाळेच्या ग्रंथालयात दिवसभर हळू बोलून बोलून घरी आल्यावर तिचं तोंड सुटायचं. दादा दिवसभर कामावर, म्हणून त्याने टाकीचा दिवस उलटा लावला होता. निळे दिवे दुपारी चारला लागायचे, मध्यरात्री विझायचे. सकाळपासून चारपर्यंत खोलीचे जाड पडदे ओढलेले. भर दुपारी त्या खोलीत रात्र असायची. "आमच्याकडचा सूर्य नोकरीवरून दमून आला की उगवतो," असं वहिनी म्हणायची. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे फोनवर पाऊण पाऊण तास बोलायला मला तीच. ती माझी वहिनी नंतर, मैत्रीण आधी. हे दादालाही ठाऊक होतं.

एकदा दोघं टाकीवाल्याच्या दुकानात गेली. दादा मीठ घ्यायला, वहिनी नुसती बघायला. कोपऱ्यातल्या टाकीत एक हिरवट तपकिरी गोळा एकटाच पडला होता. काचेच्या बारीक नळ्या गुच्छाने बांधाव्यात तसा, प्रत्येक नळीच्या तोंडावर चांदणी. आजूबाजूला नुसता उघडा दगड. वहिनीला दया आली. "बिचारी! हिला कुणी शेजारसुद्धा नाही."

"अगं, तिने ठेवलाच नाही शेजार," दादा म्हणाला. टाकीवाल्यानेही समजावलं, "वहिनी, ही सगळ्यांत खतरनाक. हिच्या बाजूला टिकत नाही कुणी." पण ऐकेल तर ती वहिनी कसली! ती गोळा घेऊनच घरी आली आणि त्याचं नाव पडलं बिचारी.

टाकीचा उजवा कोपरा बिचारीचा ठरला. दादाने नियम केला: बिचारी आणि मशाल यांच्यात दीड वीत अंतर, आणि पाणी खेळतं ठेवणाऱ्या यंत्राचा झोत काचेकडे, मशालीकडे कधीच नाही. वहिनी महिन्यातून एकदा स्वतः वीत लावून बघायची आणि मला फोनवर सांगायची, "तुझ्या दादाची सीमारेषा जागेवर आहे हं." सहा वर्षं ती दोघं त्या टाकीवरून भांडली आणि त्या भांडणात मजेत राहिली.

मग एका रविवारी दुपारी वहिनी गेली. हृदयविकार. ना आजार, ना काही लक्षण. मला दादाचा फोन आला तेव्हा ती दवाखान्यात पोचली होती, मी पोचले तेव्हा संपलं होतं. मी महिनाभर दादाकडे राहिले. तो रडला नाही, चिडला नाही, वेळेवर कामावर जायला लागला. मला वाटलं, पुरुषमाणूस आहे, आतल्या आत गिळतोय, येईल हळूहळू ताळ्यावर. मी परत आले. ही माझी पहिली चूक.

सहा महिन्यांनी टाकीवाल्याचा फोन आला. तो दर आठवड्याला येऊन टाकीचं पाणी बदलून जायचा. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "ताई, तुम्ही येऊन जा. त्यांची सगळी प्रवाळं एकेक करून मरताहेत. मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तू फक्त पाणी बदल. आता एक मशाल उरलीय. परवा हसत हसत म्हणाले, मशाल गेली की टाकी बंद, गोळ्या बंद, सगळंच बंद. मला ते हसणं काही आवडलं नाही."

मी दुसऱ्या दिवशी दादाच्या दारात उभी. त्याने दार उघडलं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. "अरे वा, ठिणगी!" म्हणाला आणि माझी पिशवी घ्यायला वाकला तर मला ती त्याच्याकडे द्यायची लाज वाटली. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा मी पहिल्याच दिवशी उघडला. चार महिन्यांच्या पट्ट्या होत्या तशा होत्या. मी बोंब ठोकली तेव्हा म्हणाला, "राहून गेल्या गं." माझ्यासमोर त्याने एक गोळी जिभेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बेसिनच्या जाळीत सापडली. माणसाने हाय खाल्ली की काय होतं ते मी लॅबमध्ये रिपोर्टांच्या आकड्यांतून पाहिलं होतं. आता ते ताटासमोर बसलेलं होतं.

आणि टाकी! डावीकडून उजवीकडे नुसते पांढरे सांगाडे. हातोडीसारख्या टोकांचं एक होतं, ते गेलं. जांभळं होतं, ते गेलं. मशालीच्या चौदा तोंडांपैकी पाच जिवंत होती, बाकीच्या जागी कॉलर चुरगळलेल्या शर्टांसारख्या रिकाम्या दगडी कडा. उजव्या कोपऱ्यात मात्र बिचारी दुप्पट झाली होती. एवढ्या मढ्यांत तीच हिरवीगार. संध्याकाळी दादा खुर्ची ओढून समोर बसायचा, निळा उजेड तोंडावर, आणि तासन्‌तास बघायचा. पण सहा महिन्यांत त्याने पाण्यात हात घातला नव्हता, असं टाकीवाला म्हणाला होता आणि मलाही तेच दिसत होतं.

मी तीस वर्षं लोकांची रक्तं तपासली आहेत, मला पाणी काय अवघड? टाकीवाल्याकडून थेंब टाकायच्या बाटल्या आणल्या आणि सगळं मोजलं. खारेपणा ठीक, चुना ठीक, सगळं ठीक. संध्याकाळी दिवे लागल्यावर वीत लावली. बिचारी ते मशाल, बरोबर दीड वीत. मग मारतंय कोण? चार दिवस मी त्या टाकीभोवती पोलिसासारखी फिरले, पण कशाचा पत्ता लागेना. पाचव्या दिवशी मशालीचं आणखी एक तोंड गेलं. दादाने ते पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "चार."

त्याच्या त्या "चार"ने मी घाबरले. कुणीतरी मोजणी लावावी आणि शेवट ठरलेला असावा, असा आवाज होता तो.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी भर दुपारी मिळालं. दादा कामावर. चष्मा त्या खोलीत राहिला म्हणून मी गेले. पडदे ओढलेले, टाकी काळी. मोबाइलचा दिवा लावला आणि जागच्या जागी थिजले. बिचारीच्या अंगातून दोरे निघाले होते. पांढरे, केसाएवढे बारीक, दीड वीतीहून लांब, शंभर तरी. दिवे असताना यातला एकही दिसत नाही, ती अंधारात सोडते. आपण उजेडात वीत लावायची आणि तिने अंधारात हात लांब करायचा, असला तो कारभार. सगळे दोरे एकाच दिशेला वाहत होते, मशालीकडे. मी दिवा वर नेला. पाण्याचा झोत सोडणाऱ्या यंत्राचं तोंड काचेकडे नव्हतं. ते बिचारीच्या मागून थेट मशालीवर रोखलेलं होतं.

राग आला, आणि मला राग आला की मी थांबत नाही. बाह्या सारल्या, हात घातला, बिचारीला तिच्या चकतीसकट उचलून पार कोपऱ्यात काचेला टेकवलं आणि झोत काचेकडे फिरवला. मनगटाला आग लागल्यासारखं झालं. दादाला सांगितलं नाही. म्हटलं, आधी गुण येऊ दे, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर बिचारी परत जुन्या जागी. झोत परत मशालीवर. दोरे परत मोकळे.

खोटं कशाला बोलू, मला दरदरून घाम फुटला. आदल्या संध्याकाळी दादा बसला होता तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले होते. तो झोपायला गेला तेव्हा मी जागी होते. मी पुन्हा हलवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हलवली. तिसऱ्यांदाही तेच. ज्या बाईला आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टींवर हसू आलं, ती बाई त्या अंधाऱ्या खोलीत उभी राहून मोठ्याने बोलली, "वहिनी, तू असशील तर सरळ सांग. काय बिघडवलंय त्याने तुझं? माझा एकच भाऊ आहे गं!" पंपाचा घुरघुर आवाज चालू होता. त्या आवाजात कुणीतरी खालच्या पट्टीत बोलतंय असं वाटायला लागलं आणि मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून मी चार वाजेपर्यंत स्वयंपाकघरातच बसायला लागले. मशालीची तीन तोंडं उरली.

उकाडा मी म्हणत होता. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. माझ्या अंगात पूर्ण बाह्यांचा झगा, कारण मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठले होते आणि ते दादाला दिसायला नको होते. भाजी वाढायला हात पुढे केला तर दादाकडे लक्ष गेलं. त्यानेही पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि बटणं मनगटापर्यंत लावली होती. मिठाच्या डबीसाठी त्याने हात लांब केला, बाही वर सरकली. मनगटावर तेच लाल वळ. तसेच्या तसे.

मी चमचा खाली ठेवला. "तू ठेवतोस ती परत."

त्याने माझ्या बाहीकडे पाहिलं. "आणि तू हलवतेस."

"कधी करतोस?"

"सकाळी तू आंघोळीला गेलीस की."

क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. म्हणजे भूतबित काही नाही, आमचं ध्यानच! पण ते हसू ओठावरच राहिलं. कारण मग झोतही त्यानेच फिरवला होता. सहा महिने त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने, वीस वर्षं वाढवलेलं सगळं बिचारीच्या तोंडी दिलं होतं.

"का रे दादा?" मी विचारलं. "कशासाठी?"

त्याने ताट बाजूला सारलं. बोलायला लागला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

"त्या रविवारी मी पडदे सारून मशाल चिकटवत होतो. मोठी झाली होती, एका बाजूला कलत होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात. तो मसाला घट्ट होईपर्यंत हलायचं नसतं, तुला माहीत आहे. सोडली तर ती शेजारच्यावर पडते आणि दोघं एकमेकांना जाळतात. तेवढ्यात आतून ती म्हणाली, 'अहो, जरा येता का?' मी म्हटलं, 'आलोच, एक मिनिट.' मग मशाल निसटली. मी परत सुरुवात केली. तिने परत हाक मारली. मी म्हटलं, 'हात गुंतलेत गं.' तिसरी हाक आली नाही. मला वाटलं रुसली. मला वाटलं, चला, आता निवांत चिकटवता येईल."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. समोर घड्याळ आहे ना. मी आत गेलो तेव्हा ती पलंगाला टेकून खाली बसली होती. चेहरा राखेसारखा. माझ्याकडे बघून काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'चिकटली का नीट?'" त्याने मिठाच्या डबीचं झाकण लावलं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. 'चिकटली का नीट.' त्यानंतर काही बोलली नाही."



"मशाल तिच्या बिचारीने खावी," तो म्हणाला, "एवढंच मला हवं होतं. सगळं तिने घ्यावं. मग मी मोकळा." आणि मग पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "ठिणगे, तू त्या क्षेत्रातली. त्या दिवशी डॉक्टर तुझ्याशी बाजूला बोलला होता. मी लगेच गेलो असतो तर ती वाचली असती का? तू कधी कुणाचं मन राखायला बोलत नाहीस, म्हणून तुला विचारतोय. तू सांगशील ते खरं."

आता ऐका. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यापाशी डॉक्टर मला म्हणाला होता, "ताई, तुम्ही लॅबमधल्या, तुमच्याशी लपवत नाही. पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर आज मी वेगळं बोलत असतो." मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं रुग्णवाहिका उशिरा आली असेल, रस्त्यात गर्दी लागली असेल. सात महिने मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या ड्रायव्हरला शिव्या घालत होते. आणि तो ड्रायव्हर माझ्यासमोर बसला होता, मनगटावर वळ घेऊन.

माझ्या मनात काय आलं तेही सांगते, लपवून काय करायचंय? वाटलं, उठावं आणि याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. वीस मिनिटं! एका दगडासाठी! माझी वहिनी पलंगाला टेकून बसली होती आणि हा घड्याळ बघत होता. मला तो भाऊ वाटेना. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे ती टाकी दिसत होती आणि तिच्यात तीन तोंडं उरलेली मशाल, आणि मला कळत होतं की माझ्या तोंडून आता जे निघेल त्यावर हा माणूस जगणार की नाही ते ठरणार आहे.

मी तीस वर्षं रिपोर्ट वाचून दाखवलेत. आवाज कसा ठेवायचा ते मला येतं. "नाही," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाला, पहिली हाक मारली तेव्हाच सगळं संपलेलं होतं. तू उडी मारून गेला असतास तरी काही करता आलं नसतं. जगातल्या कुणालाच नसतं आलं."

"नक्की?"

"मी कधी खोटं बोललेय?"

त्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला आणि सात महिन्यांनी माझा दादा रडला. टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन देऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. दुसरा हात माझ्या मांडीवर होता आणि त्याची मूठ मला उघडता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः झोत काचेकडे वळवला. बिचारीला बाहेर काढली, तिच्यासाठी एक वेगळी छोटी टाकी आणून खिडकीपाशी ठेवली. "राहा बाई एकटी सुखाने," असं तिला म्हणाला. गोळी माझ्यासमोर गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. तीन आठवड्यांनी मशालीची तिन्ही तोंडं पूर्ण उघडली. महिन्याभराने त्याच्या गालांवर मांस दिसायला लागलं. टाकीवाला येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही जादू केलीत." सगळे आप्त म्हणाले, बहीण असावी तर अशी.

आणि मग दादा कामावरून आल्यावर गुणगुणायला लागला. त्याला ती सवय पूर्वीपासून होती. पण मला ते ऐकवेना. तो दात घासताना गुणगुणायचा आणि माझ्या कपाळाची शीर उडायची. वाटायचं, ओरडून सांगावं, थांब, थांब जरा, तुला काय माहीत आहे! एकदा तो म्हणाला, "ठिणगे, हल्ली तू फार शांत झालीस." मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं आणि त्या आठवड्यात माझ्या घरी परत आले.

दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. मशाल आता सात तोंडांची झालीय. परवा म्हणाला, "तू त्या दिवशी खरं सांगितलं नसतंस तर मी आज नसतो." मी "हं" म्हटलं. माझा भाऊ जिवंत आहे, मला भाऊ हवा होता, आणि पुन्हा तो प्रसंग आला तर मी पुन्हा तेच बोलेन. पण फोन ठेवला की घर अगदी शांत होतं.

मग हाक येते. आतल्या खोलीतून, घाई नाही, चिडचिड नाही, वहिनी बोलायची तशीच: "अहो, जरा येता का?" माझ्या घरात "अहो" म्हणावं असं कुणी नाही. कधी नव्हतंच. मला हे पक्कं कळतं की आतली खोली रिकामी आहे. तरी मी हातातलं काम तिथल्या तिथे टाकते, दुधाखालचा गॅससुद्धा बंद करत नाही, आणि लगेच उठून आत जाते.